पान हिरवंच होतं : लहान मुलं, शरद ऋतू आणि हाताचं शिक्षण

मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचतोय ना? बरं.

विषय तसा छोटा आहे. लहान मुलांना शरद ऋतू कसा शिकवावा, आणि तो हाताने काही करायला लावून कसा शिकवावा. तत्त्वज्ञानाच्या माणसाने यात का पडावं, असं कुणाला वाटलं तर ते रास्तच आहे. आम्ही वर्गात वर्षानुवर्षं एकच प्रश्न विचारत राहिलो : एखादी गोष्ट आपल्याला 'कळली' असं केव्हा म्हणायचं? अठरा-वीस वर्षांच्या मुलांना विचारला, पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना विचारला. हा प्रश्न खरं तर पाच वर्षांच्या मुलापाशी सुरू होतो, हे आम्हाला निवृत्तीनंतर कळलं. आणि ते इथे, चिखलोलीतच कळलं.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक मुलगी राहते. सीनियर केजीत आहे. मागच्या ऑक्टोबरात तिची आजी तिला घेऊन वर आली. शाळेच्या कागदावर बाईंनी इंग्रजीत काही शेरा दिला होता, तो आजीला वाचून हवा होता. कागदावर वर मोठ्या अक्षरांत 'ऑटम' असं छापलेलं. खाली मेपलच्या पानाची बाह्यरेषा, शेजारी एक भोपळा आणि एक खार. मुलीने पान हिरवं रंगवलं होतं. चांगलं रेषेच्या आत रंगवलं होतं हो! त्यावर लाल पेनाने शेरा : पान नारिंगी किंवा लाल रंगवावं, पुन्हा करून आणावं.

आम्ही शेरा वाचून दाखवला. मुलीने विचारलं, "आजोबा, पान हिरवंच असतं ना?"

आम्ही खिडकीबाहेर पाहिलं. आंबा हिरवा, उंबर हिरवा, कुंपणापलीकडचा साग हिरवा. पाऊस नुकताच गेला होता, धुतलेली पानं उन्हात चमकत होती. बाहेर जे होतं तेच तिने रंगवलं होतं, आणि तिला ते पुन्हा करायला सांगितलं होतं.

शाळेचं नाव आम्ही सांगणार नाही. सांगण्यासारखं त्यात काही नाही, कारण हा कागद शेकडो शाळांत वाटला जातो. बाई दुष्ट नव्हत्या. त्यांच्यापुढे आलेल्या नमुन्यात पान नारिंगी होतं, एवढंच. पण त्या संध्याकाळी त्या मुलीसमोर दोन साक्षीदार उभे होते. एक तिचे डोळे, दुसरा छापील कागद. आणि तिला शिकवलं गेलं की दोघांत वाद झाला तर कागदाचं ऐकायचं. आमची सगळी तक्रार एवढ्यापुरती आहे. रंगाची नाही.

आधी त्या बिचाऱ्या मेपलला न्याय देऊ. उत्तर अमेरिकेत आणि युरोपात पानं खरोखरच लाल-पिवळी होतात आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळतात. दिवस लहान होतो, थंडी वाढते. झाड पानातलं हरितद्रव्य मोडून त्यातलं उपयोगाचं ते परत आत ओढून घेतं. मग पानात आधीपासून असलेला, पण हिरव्याखाली झाकलेला पिवळा रंग दिसायला लागतो. लाल रंग काही झाडं त्याच सुमाराला नव्याने तयार करतात. तिकडच्या मुलाने नारिंगी पान रंगवलं तर तो त्याच्या खिडकीबाहेरचंच रंगवतो. तो खरं बोलतो आहे. तेच पान इथे, त्याच महिन्यात रंगवून घेतलं की ते खोटं होतं. वस्तू तीच आहे, जागा बदलली.

आपल्याकडे काय होतं? मुंबई भागातून मान्सून परतण्याची सर्वसाधारण तारीख हवामान खात्याने २०२० साली सुधारली, ती आता ८ ऑक्टोबर आहे. म्हणजे तिकडे थंडीची चाहूल लागते तेव्हा आपल्याकडे पाऊस संपून उकाडा सुरू होतो. त्याला आपण 'ऑक्टोबर हीट' म्हणतो. हळवं भात पिवळं पडून कापणीला आलेलं असतं, गरवं अजून उभं असतं. गवत वाळायला लागतं आणि कुसळं मोज्यांना चिकटतात. चतुर उडत असतात. पहाटे कोळ्यांच्या जाळ्यांवर दव दिसतं. संध्याकाळी सातवीण फुलते आणि तिचा तो उग्र वास वाऱ्याबरोबर घरात शिरतो. बऱ्याच जणांचं त्याने डोकं दुखतं. पारिजातकाचा सडा पडतो. हा आपला शरद. यात पिवळं आहे, पण ते शेतात आहे, झाडावर नाही.

आणि पानगळ? ती येते, पण उशिरा आणि वेगळ्या कारणाने. इथल्या झाडाला थंडीची भीती नाही, तहानेची आहे. जमिनीतला ओलावा उतरत जातो तसं झाड पानं टाकून पाण्याचा खर्च कमी करतं. साग पावसाळ्यात फुलतो, हिवाळ्यात पानं टाकायला लागतो आणि उन्हाळ्यात उघडा उभा राहतो. पळस आणि काटेसावर पानं टाकून निष्पर्ण फांद्यांवर फुलतात. म्हणजे आपल्याकडे पानगळ आणि फुलोरा हातात हात घालून येतात. हे केवढं नवल आहे! ते मुलाला फेब्रुवारीत दाखवायचं सोडून आपण त्याला ऑक्टोबरात परक्या पानाला रंग द्यायला बसवतो.

आता 'कृती' या शब्दाकडे येऊ. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आलं, तीन ते आठ वर्षांचा पायाभूत स्तर ठरला, २०२२ साली त्याचा अभ्यासक्रम आराखडा आला. सगळीकडे खेळातून, कृतीतून शिक्षण असं म्हटलं आहे. उत्तम आहे, त्याला आमचा विरोध असण्याचं कारण नाही. पण हात हलला म्हणजे कृती झाली का? कापणं, चिकटवणं, रंगवणं, ठसे उमटवणं. मूल अर्धा तास गुंतलेलं असतं, फाइल भरते, पालकसभेत ती फाइल दाखवता येते. त्या अर्ध्या तासात त्याला काय सापडलं?

आम्ही याची एक साधी कसोटी सुचवतो. कृतीतली वस्तू मुलाला 'नाही' म्हणू शकते का?

म्हणजे बघा. कागदावरचं पान कोणताही रंग घेतं. निळा द्या, निळं होतं. ते कधी विरोध करत नाही. त्यामुळे चूक-बरोबर ठरवायला बाईच लागतात आणि मूल बाईंच्या चेहऱ्याकडे बघायला शिकतं. खरं पान तसं नाही. ते दुमडायला गेलं तर शिरेपाशी अडतं. वाळलं असेल तर मोडतं, ओलं असेल तर रंग सोडतं. वस्तू स्वतःच उत्तर देते. बाई असोत वा नसोत, मुलाला कळतं की आपण समजत होतो तसं हे नाही. 'आपण समजत होतो तसं हे नाही' हे कळणं म्हणजे शिक्षणाची पहिली पायरी, आणि जे फक्त होकार देतं त्याच्यापासून ती कधीच चढता येत नाही.

ही कसोटी आमची असली तरी तिच्यामागचं काम महाराष्ट्रात फार पूर्वी झालेलं आहे, तेही इथून फार लांब नाही. जुना ठाणे जिल्हा धरला तर आपल्याच जिल्ह्यात. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, वारली पाड्यांच्या मधोमध. ताराबाईंनी त्याआधी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला माँटेसरी पद्धतीचं काम केलेलं होतं. ती पद्धत त्यांना चांगली माहीत होती आणि तिची महागडी साधनंही. खेड्यात ती साधनं परवडणार नव्हती. मग त्यांनी काय केलं? शिंपले, गोटे, बिया, पानं, काड्या घेतल्या. मोजायला बिया, लहान-मोठं लावायला गोटे, रंग ओळखायला पानं-फुलं.

पुष्कळ लोक याचं वर्णन 'कमी खर्चातली साधनं' असं करतात. आम्हाला ते वर्णन अपुरं वाटतं. लाकडी ठोकळे कारखान्यात सारखे कापलेले असतात, बिया सारख्या नसतात. बी किडकी निघते, गोटा दुसऱ्यापेक्षा जड लागतो, पान दुसऱ्या दिवशी सुकतं. म्हणजे गरिबीपोटी घेतलेलं साधन ज्ञानाच्या दृष्टीने अधिक श्रीमंत निघालं. ते 'नाही' म्हणू शकत होतं. शिवाय ते ऋतूप्रमाणे बदलत होतं. लाकडी ठोकळा बारा महिने तोच. रानातून गोळा केलेली टोपली ऑक्टोबरात वेगळी असते आणि मार्चात वेगळी. मुलांना ऋतू 'शिकवण्या'ची गरजच उरत नाही, तो टोपलीतून आपोआप येतो.

मुलं शाळेत येत नव्हती तेव्हा शाळाच पाड्यावर, अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द त्यातून आला. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरवल्या. पुढे २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्राची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. शब्द गेला, त्यातलं अंगण मात्र बऱ्याच ठिकाणी मागे राहिलं. आज शहरातल्या कितीतरी अंगणवाड्या दहा बाय बाराच्या खोलीत भरतात. आम्ही हे सेविकांना दोष म्हणून सांगत नाही. मुलांचं वजन, पोषण, लसीकरण, नोंदी सगळं सांभाळून त्या शिकवतात.

पण मग शहरातल्या माणसाने काय करावं? कोसबाडची टेकडी इथे आणता येत नाही. आम्हाला वाटतं, फार लांब जायची गरज नाही. मराठी घरांत शरदाचा एक अख्खा अभ्यासक्रम पडून आहे. त्याला कुणी अभ्यासक्रम म्हटलं नाही म्हणून तो दिसत नाही.

घटस्थापना घ्या. पत्रावळीवर किंवा परडीत माती, त्यात धान्य, मध्ये घट. नऊ दिवस पाणी शिंपडायचं आणि रोज बघायचं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोड वर येतात. याहून चांगला अंकुरणाचा प्रयोग बालवाडीला कोणता देणार? धान्य 'नाही' म्हणू शकतं. पाणी जास्त झालं तर बुरशी येते, जुनं धान्य असेल तर उगवतच नाही. आणि एक गोष्ट तुम्ही सगळ्यांनी पाहिली असेल : देवघराच्या अंधाऱ्या कोपऱ्यातले कोंब पिवळे असतात. वर्गात दोन परड्या करा. एक खिडकीत, एक कपाटात. आठवड्याने एक हिरवी, दुसरी पिवळी. का, हे मुलाला लगेच सांगू नका. चार दिवस त्याला तर्क करू द्या. मग कपाटातली परडी खिडकीत ठेवा आणि ती हिरवी होताना बघू द्या.

दसरा घ्या. आपल्याकडे ऑक्टोबरचं खास पान कोणतं असेल तर ते आपट्याचं. मधोमध दुमडलं की दोन्ही बाजू एकमेकींवर जवळजवळ जुळतात. पाच वर्षांच्या मुलाला सममितीचा याहून सोपा धडा नाही. आणि बाजारात आपट्याच्या नावावर कांचनाची पानं सर्रास विकतात. दोन्ही समोर ठेवा. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंद, कांचनाचं मोठं. 'सोनं' खरं की खोटं हे मुलं स्वतः ठरवतील आणि घरी जाऊन मोठ्यांना पकडतील. (हशा.) मात्र त्यासाठी झाड ओरबाडू नये. वर्गाला दोन पानं पुरतात. दरवर्षी दसऱ्याला आपट्याच्या फांद्याच्या फांद्या तोडल्या जातात, हा शरदाचा धडा होऊ शकत नाही.

दिवाळीचा किल्ला घ्या. तो दिवाळीतच का होतो? सुट्टी असते हे एक. पण मातीला विचारा. जुलैत ती चिखल असते, मार्चात धूळ. पाऊस गेल्यानंतरच्या त्या काही आठवड्यांत माती अशी असते की थापली तर राहते. किल्ला हा त्या मातीचा ऋतू आहे. त्यावर अळीव पेरले की चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा. किल्ला ढासळतो तेव्हा उतार किती ठेवायचा हे माती शिकवते. कुठल्याही बाईंना ते सांगावं लागत नाही. भोंडला, हादगा, कोजागरी, नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधणं, हेही याच मालिकेतलं. विस्तार करत नाही, तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

इथे एक सावधगिरी मात्र हवी. आमच्यासारखी माणसं 'आपली परंपरा' म्हणाली की त्यात कोण येतं आणि कोण राहून जातं, हे विचारलं पाहिजे. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर ही सगळी वस्ती बाहेरून आलेल्या माणसांची. फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबं, कोकणातून आणि विदर्भातून आलेली, उत्तर प्रदेशातून आलेली, मूळची आगरी आणि आदिवासी कुटुंबं. एका वर्गात कुणाच्या घरी घट बसतात, कुणाच्या नाही. कुणासाठी विजयादशमी म्हणजे १९५६ चं नागपूरचं धम्मचक्र प्रवर्तन. कुणाच्या घरी ईद आणि नाताळ. शाळेने घरची पूजा वर्गात आणू नये. शाळेने त्यातली माती, धान्य आणि पान घ्यावं. ते सगळ्यांचं आहे. धान्य कुणाच्याही हाताने पेरलं तरी उगवतं.

आता आमची स्वतःची चूक सांगतो, कारण टीकाकाराने तेवढं तरी करावं.

त्या मुलीने विचारलं, पान हिरवंच असतं ना? आमच्यातला प्राध्यापक लगेच जागा झाला. आम्ही म्हटलं, "अगदी बरोबर. आपल्याकडे आत्ता पानं गळत नाहीत. आत्ता शरद आहे. पानं शिशिरात गळतात, माघ-फाल्गुनात." आजीने मान डोलावली. मुलगी खाली गेली. दहा मिनिटांनी परत आली, हातात एक भलंमोठं लालभडक पान. इमारतीच्या आवारात देशी बदामाचं झाड आहे, त्याचं. म्हणाली, "हे बघा, पडलं होतं."

आम्ही गप्प. बदामाची मोठी पानगळ हिवाळ्यात होते हे खरं. पण एखाददुसरं पान आधीमधीही लाल होऊन पडतं. आम्ही रोज त्या झाडाखालून जातो आणि ते आमच्या लक्षात नव्हतं. बाईंनी छापील कागदावरून तिला दुरुस्त केलं होतं, आम्ही ऋतूंच्या तक्त्यावरून. दोघांनीही खिडकीबाहेर नीट पाहिलं नव्हतं. तिने पाहिलं.

म्हणून आमचं म्हणणं असं नाही की परदेशी तक्ता काढा आणि देशी तक्ता लावा. सहा ऋतूंचा तक्तासुद्धा एके काळी दुसऱ्याच प्रदेशात तयार झालेला आहे. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'त सहा ऋतूंचे सहा सर्ग आहेत. सुंदरच आहेत. पण दोन-दोन महिन्यांची ती वाटणी ठाण्याच्या हवेला तंतोतंत बसत नाही. तक्त्यात वर्षा ऋतू श्रावण-भाद्रपद. आपल्याकडे ज्येष्ठात पाऊस सुरू होतो आणि आश्विनापर्यंत रेंगाळतो. इथल्या शेतकऱ्याच्या बोलण्यात ऋतू तीनच : पावसाळा, हिवाळा, उन्हाळा. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' १९५६ सालचं. त्यांनी सहा ऋतूंचे सहा लेख लिहिले नाहीत, चैत्रापासून एकेक महिना घेतला. आम्हाला त्यात मोठं शहाणपण दिसतं. महिना लहान असतो, तो पाहून होतो. मुलासाठी तर महिनाही मोठाच. त्याच्यासाठी 'या आठवड्यात झाडाखाली काय पडलं' एवढंच पुरे.

मग मेपलचं काय करायचं? हद्दपार करायचं? मुळीच नाही. इथे आमच्या जुन्या दप्तरातली एक गोष्ट उपयोगी पडते. न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. उपमानाचं ठरलेलं उदाहरण गवयाचं. शहरातल्या माणसाने गवय नावाचा रानातला प्राणी पाहिलेला नाही. रानातला माणूस त्याला सांगतो, गवय गाईसारखा असतो. मग शहरी माणूस कधीतरी रानात जातो, गाईसारखा पण गाय नसलेला प्राणी बघतो, आणि त्याला कळतं : हाच तो गवय. आता यात मेख अशी, की ऐकणाऱ्याने गाय पाहिलेली असली पाहिजे. गायच माहीत नसेल तर 'गाईसारखा' या शब्दाला काही अर्थ नाही.

आपण मुलांना गाय न दाखवता गवय शिकवतो आहोत.

ज्या मुलाने कपाटातल्या परडीत पिवळा कोंब पाहिला आणि तो खिडकीत हिरवा होताना पाहिला, त्याला मेपल सांगता येतो. 'बाळा, तिकडच्या पानात याच्या उलटं होतं. हिरवं जातं आणि मागचं पिवळं उरतं.' आणि हे नुसतं सांगण्यापुरतं नाही. घटातल्या पिवळ्या कोंबातलं आणि मेपलच्या पिवळ्या पानातलं रंगद्रव्य खरोखर एकाच कुळातलं आहे. मुलाच्या हाताखालून गेलेली गोष्ट त्याला सात समुद्रापलीकडच्या झाडापर्यंत घेऊन जाते. हाच न्याय उलट्या बाजूनेही लागतो. आपली कितीतरी मराठी कुटुंबं अमेरिकेत, कॅनडात आहेत. तिथल्या मुलाला दसऱ्याला कागदाचं आपट्याचं पान कापायला बसवलं आणि दारातल्या मेपलकडे बघूच दिलं नाही, तर तीच चूक आपण तिथे केली. त्याची गाय मेपल आहे. आपटा त्याचा गवय.

शिक्षकांच्या अडचणी आम्हाला माहीत आहेत. वर्गात चाळीस मुलं, मैदान नाही, बाहेर नेलं तर रस्ता, वाहनं, सापाची भीती. आणि पालकांना फाइल हवी. त्यासाठी तीनच गोष्टी सांगतो. पहिली : जुना मोठा मोजा बुटावरून चढवा आणि ऑक्टोबरच्या अखेरीस गवताच्या कडेने दहा पावलं चाला. दिवसा, दोन मोठी माणसं बरोबर, गवत गुडघ्याच्या खालचं. मोज्याला काय काय चिकटलं ते वर्गात बसून काढा. कुसळ असेल, आघाडा असेल, काहीतरी अनोळखी असेल. तो मोजा ओल्या मातीत पुरून ठेवा आणि काय उगवतं ते बघा. दुसरी : एक झाड निवडा, खिडकीतून दिसणारं का होईना. दर सोमवारी त्याखाली पडलेली एकच गोष्ट आणा आणि वहीत ठेवा, जून ते मार्च. ही झाली फाइल, आणि ती बाजारात विकत मिळत नाही. तिसरी, सगळ्यांत स्वस्त : 'हे पान असंच का रंगवलंस?' हे लाल पेन उघडण्याआधी विचारा. ती मुलगी म्हणाली असती, 'बाहेर असंच आहे.' बाईंनी एकदा बाहेर पाहिलं असतं, आणि दोघीही काहीतरी शिकल्या असत्या.

शेवटचं, आणि मग थांबतो. आम्ही चिखलोलीत राहायला आलो तेव्हा धरणाच्या रस्त्याला भाताची खाचरं होती. अजूनही थोडी आहेत. एका बाजूला कारखाने, दुसऱ्या बाजूला टॉवर. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये चिखलोलीचं स्टेशन होऊ घातलं आहे. स्टेशन आम्हालाही हवंच आहे, या वयात रिक्षाचे धक्के सहन होत नाहीत. पण स्टेशन आलं की खाचरांची किंमत चौरस फुटात होते, हे सांगायला तत्त्वज्ञ नको. काही वर्षांनी इथल्या मुलाला भात पिवळं होताना दाखवायचं म्हटलं तर दाखवायला ते नसेल.

तेव्हा मुलाच्या डोळ्यांवर विश्वास ठेवा असं आम्ही म्हणतो, त्याचे दोन अर्थ आहेत. एक शाळेसाठी : त्याने जे पाहिलं ते कागदासाठी खोडू नका. दुसरा आपल्या सगळ्यांसाठी : डोळ्यांना पाहायला काहीतरी शिल्लक ठेवा. खिडकीबाहेर काहीच उरलं नाही तर छापील पानाला 'नाही' म्हणायला कुणीच राहणार नाही. मग मूल पान नारिंगी रंगवेल, बाई बरोबरची खूण करतील, आणि कुणाचीच चूक दिसणार नाही.

त्या मुलीने तो कागद पुन्हा रंगवून दिला का, असं तुम्ही विचाराल. दिला. आजी म्हणाली, शाळेशी वाद नको. आम्हीही आग्रह केला नाही. तिने पान लाल रंगवलं आणि खाली बदामाचं खरं पान चिकटवलं. बाईंनी त्यावर काय शेरा दिला ते आम्हाला माहीत नाही. पण हिवाळ्यात बदामाची पानं खरोखर झडायला लागली, तेव्हा ती वर येऊन सांगून गेली : "आजोबा, आता बघा. आता खूप पडतायत."

आम्ही खाली जाऊन पाहिलं.

कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. आणि आज घरी जाताना तुमच्या झाडाखाली काय पडलं आहे, तेवढं बघून जा.